सांधेदुखीची रात्रपाळी

थॉमस सिडनहॅम हा सतराव्या शतकातला लंडनचा नाणावलेला डॉक्टर. गाउट, म्हणजे आपल्याकडचे वातरक्त, त्याला स्वतःलाच अनेक वर्षे जडलेले होते. १६८३ साली त्याने या रोगावर पुस्तक लिहिले, तेव्हा झटक्याची हकिकत त्याने रात्रीपासूनच सुरू केली. माणूस धडधाकट निजतो. दोनच्या सुमारास पायाच्या अंगठ्यात कळ उठते आणि झोप उडते. पुढे पुढे तर पांघरुणाचा भारही सोसवत नाही आणि खोलीत कोणी पाऊल जोरात टाकले तरी जीव कळवळतो. आजच्या संधिवाततज्ज्ञालाही या वर्णनात फारशी दुरुस्ती करावी लागणार नाही.

सिडनहॅमचे निरीक्षण आकड्यांनी तपासायला मात्र तीनशेहून अधिक वर्षे गेली. २०१५ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी ७२४ गाउट रुग्णांच्या १,४३३ झटक्यांची वेळ नोंदवून घेतली. त्यांतले ७३३ झटके मध्यरात्र ते सकाळी आठ या वेळात आले होते, सकाळी आठ ते दुपारी तीनमध्ये ३१० आणि उरलेले ३९० दुपारी तीननंतर. म्हणजे रात्रीचा धोका दिवसाच्या जवळजवळ अडीचपट. कारणे अनेक सांगितली जातात. झोपेत अंगाचे तापमान उतरते आणि गारव्यात युरिक आम्लाचे स्फटिक लवकर जमतात. पाणी पोटात गेलेले नसते. दाह आवरणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असते. यातली प्रत्येक गोष्ट झोपेशी बांधलेली आहे.

गाउटची वेळ ठरलेली, तशी संधिवाताच्या इतर आजारांचीही थोडीफार ठरलेली असते. पण दवाखान्यात विचारले जाते ते ‘कुठे दुखते’ आणि ‘किती दुखते’. रात्री किती वाजता जाग येते, हा प्रश्न क्वचितच येतो. रुग्णही आपणहून सांगत नाही. दुखतेय म्हटल्यावर झोप लागायची नाहीच, त्यात सांगण्यासारखे काय, असा दोन्ही बाजूंचा समज. गेल्या पन्नास वर्षांतल्या संशोधनाने या समजाला चांगलाच धक्का दिला आहे.

आधी वेळापत्रक पाहू. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस हा कण्याचा संधिवात बहुधा तरुणपणी, चाळिशीच्या आत सुरू होतो. त्याची खूण अशी की रात्रीच्या उत्तरार्धात कंबर आणि ढुंगणाच्या खोलवरच्या दुखण्याने जाग येते, पडून राहिले की वाढते आणि उठून चार पावले टाकली की उतरते. साध्या पाठदुखीत याच्या उलट होते. तिथे आडवे झाले की बरे वाटते. म्हणूनच दाहामुळे होणारी पाठदुखी ओळखण्याच्या निकषांमध्ये रात्री जाग येण्याला स्थान मिळाले आहे. पहाटे तीनला घरभर येरझाऱ्या घालणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला घरचे ‘मोबाइल कमी कर’ सांगतात, कोणी गादी बदलायला लावतो, कोणी तेल चोळून देतो. निदान व्हायला कित्येक वर्षे जातात. एक प्रश्न वेळेवर विचारला असता तर त्यातली काही वाचली असती.

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे ज्याला मराठीत सर्रास आमवात म्हटले जाते, त्याची वेळ पहाटेची. जाग येते तेव्हा बोटे आखडलेली, मूठ वळत नाही, ब्रश धरवत नाही. हा ताठरपणा अर्ध्या-पाऊण तासापासून कधी कधी दुपारपर्यंत टिकतो. तो रात्रभर हात हलवला नाही म्हणून येतो असे पूर्वी मानत. आता त्यामागचे रसायन बरेचसे समजले आहे. दाह पेटवणारे इंटरल्यूकिन-६ नावाचे प्रथिन या रुग्णांच्या रक्तात रात्री वाढत जाते आणि पहाटे शिखर गाठते. निरोगी शरीरात त्याच सुमारास कॉर्टिसॉल वर येऊन त्याला लगाम घालते. आमवातात आग मोठी आणि तिच्या मानाने कॉर्टिसॉल तोकडे, असा मामला असतो. सांध्यांची लढाई माणूस निजलेला असताना चालते आणि सकाळी त्याच्या हाती उरतो तो तिचा परिणाम.

आठव्या शतकाच्या आसपासच्या माधवनिदान या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातल्या लक्षणांच्या यादीत सांध्यांची सूज, अरुची, अंगाचा जडपणा यांच्याबरोबर निद्राविपर्यय, म्हणजे झोपेची वेळ उलटीपालटी होणे, स्पष्ट नोंदवलेले आहे. जुन्या ग्रंथकाराने झोप रोगाच्या लक्षणांत धरली. आधुनिक वैद्यकाने ती बराच काळ रुग्णाच्या तक्रारीत धरली, आणि तक्रार म्हटली की ती यादीच्या तळाशी जाते.

गुडघ्याची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, हा सर्वांत जास्त लोकांना गाठणारा प्रकार. सुरुवातीला तो दिवसाचा आजार असतो; जिने, चालणे, मांडी घालणे यांनी दुखतो आणि बसले की थांबतो. रात्री दुखू लागला की तो पुढच्या पायरीवर गेला असे समजावे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर जगभर भरून घेतली जाणारी ऑक्सफर्डची १२ प्रश्नांची प्रश्नावली १९९८ साली आली. तिच्यात रात्री अंथरुणात गुडघा त्रास देतो का, हा एक स्वतंत्र प्रश्न आहे. इथे जाग येते ती बहुधा कूस बदलताना. निजलेल्या माणसाला आपण रात्रीत कितीदा वळतो याची गंधवार्ता नसते, झिजलेल्या गुडघ्याला मात्र प्रत्येक वळण कळते.

बाकीच्यांची हजेरी थोडक्यात घेता येईल. शोग्रेन सिंड्रोममध्ये तोंड इतके कोरडे पडते की पाणी प्यायला उठावे लागते, आणि प्यायलेले पाणी तासाभराने पुन्हा उठवते. स्क्लेरोडर्मात अन्ननलिका ढिली पडल्याने आडवे झाले की आंबट पाणी वर येते. साठी-सत्तरीतल्या पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिकाचा रुग्ण सांगतो की डॉक्टर, अंथरुणात वळताच येत नाही. हे वाक्य इतके ठरलेले आहे की अनुभवी डॉक्टर त्यावरूनच कान टवकारतो. मनगटाला सूज असेल तर मधली नस दाबली जाऊन मध्यरात्री हाताला मुंग्या येतात आणि माणूस हात झटकत उठून बसतो.

वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांचा सूर एकच आहे: संधिवाताच्या निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांना चांगली झोप लागत नाही. हे मोजण्यासाठी बहुतेक ठिकाणी १९८९ मध्ये पिट्सबर्गला तयार झालेली प्रश्नावली वापरतात. पण या आकड्यांनी एवढेच सिद्ध होते की दुखणे आणि जागरण एकत्र नांदतात. कोण कोणाला घेऊन आले, हे त्यातून कळत नाही.

ते शोधायला टोरांटोच्या हार्वे मोल्डोफ्स्की यांनी एक साधी पण जरा दुष्ट युक्ती केली. सहा निरोगी तरुणांना त्यांनी प्रयोगशाळेत झोपवले. मेंदूच्या विद्युतलहरी कागदावर उमटत होत्या. त्या मंद आणि उंच झाल्या, म्हणजे गाढ झोप सुरू झाली, की आवाज करायचा. पूर्ण जागे करायचे नाही, फक्त गाढ झोपेतून वर खेचायचे. असे लागोपाठ काही रात्री केल्यावर त्या ठणठणीत तरुणांचे अंग दुखू लागले, स्नायू दाबल्यावर दुखू लागले आणि सकाळी उठताना थकवा वाटू लागला. दुखणे आधी नव्हतेच. झोप मोडल्यावर ते आले. १९७५ साली हे प्रसिद्ध झाले आणि आज ज्याला फायब्रोमायल्जिया म्हणतात त्या सर्वांगदुखीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. गाढ झोपेच्या लहरींवर जागेपणीच्या वेगवान लहरी स्वार होतात, हेही मोल्डोफ्स्की यांनी या रुग्णांत दाखवले. तसल्या लहरी पुढे इतर आजारांत आणि काही निरोगी माणसांतही सापडल्या, त्यामुळे त्या या आजाराची मोहोर ठरल्या नाहीत. प्रयोगाचा मुद्दा मात्र टिकला. २०१० च्या अमेरिकन निकषांत तर ‘झोपून उठल्यावर ताजेतवाने न वाटणे’ याला फायब्रोमायल्जियाच्या निदानात गुण दिले जातात.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मायकेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये यात आणखी एक बारकावा काढला. ३२ निरोगी स्त्रियांचे गट केले. एका गटाला रात्रभर थोड्या थोड्या वेळाने जबरदस्तीने उठवले. दुसऱ्याला एकूण झोप तितकीच मिळेल पण सलग, अशा बेताने उशिरा झोपवले. झोपेचे तास जवळपास सारखे असूनही दुखण्याला शरीराकडून जो नैसर्गिक आवर घातला जातो, तो फक्त तुकड्यातुकड्यांनी झोपलेल्या स्त्रियांमध्ये कमजोर झाला. संधिवाताच्या माणसाची झोप नेमकी अशीच असते. ‘पडलेली असते हो सात-आठ तास’ असे घरचे सांगतात आणि ते खोटे नसते. मध्ये दहा वेळा आलेली जाग कोणी मोजत नाही.

निरोगी माणसांवरचे प्रयोग झाले, पण खऱ्या रुग्णांचे काय? लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल अर्विन यांनी आमवाताचे २७ रुग्ण आणि २७ निरोगी माणसे घेतली आणि एका रात्री सर्वांना ११ ते ३ जागे ठेवले. दुसऱ्या दिवशी थकवा आणि उदासी दोन्ही गटांत कमीअधिक दिसली. रुग्णांच्या गटात मात्र सांधेही जास्त दुखत होते आणि दुखणाऱ्या सांध्यांची संख्याही वाढली होती. अर्ध्या रात्रीच्या जागरणाने औषधात कणभर बदल न होता आजार एक पायरी चढला, असे रुग्णाला वाटले. आणि अशा रुग्णाला तपासणारा डॉक्टरही डोस वाढवण्याचा विचार करेल, ही यातली खरी गोम. बर्कलेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मेंदूचे चित्रण करून याचे एक कारण दाखवले. रात्रभर जागलेल्या माणसात दुखण्याची जागा नोंदवणारा मेंदूचा भाग जास्त पेटतो आणि त्या दुखण्याचे मोल ठरवून ते सोसायला मदत करणारे भाग मंद पडतात.

प्रयोगशाळेतली एक रात्र म्हणजे आयुष्य नव्हे, ही शंका रास्त आहे. तिला उत्तर नॉर्वेतून आले. तिथल्या एका मोठ्या आरोग्य पाहणीतल्या १२,३५० स्त्रियांना सुरुवातीला फायब्रोमायल्जिया नव्हता, सांध्या-स्नायूंची तक्रारही नव्हती. दहा वर्षांनंतर पाहिले तेव्हा ज्यांनी सुरुवातीलाच ‘झोप वरचेवर किंवा नेहमीच नीट लागत नाही’ असे लिहिले होते, त्यांच्यात हा आजार होण्याचे प्रमाण इतरांच्या तिपटीहून अधिक निघाले. अशा अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करून २०१३ मध्ये हॉपकिन्सच्याच गटाने निष्कर्ष मांडला की आजच्या दुखण्यावरून उद्याची झोप जितकी सांगता येते, त्याहून अधिक भरवशाने आजच्या झोपेवरून उद्याचे दुखणे सांगता येते. वर्षानुवर्षे उलट शिकवले गेले होते.

याचा अर्थ प्रत्येक जागरण दुखण्यातूनच जन्मते किंवा दुखण्यालाच जन्म देते असा नाही. काही वेळा चोर तिसराच असतो. आमवातात जबड्याचा सांधा झिजून हनुवटी मागे सरकते किंवा मानेचे मणके ढासळतात आणि झोपेत श्वासमार्ग बंद पडू लागतो. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. रुग्ण बारीक असेल तर कोणाला संशयही येत नाही, कारण हा आजार जाड माणसांचा अशी सगळ्यांची समजूत. गाउट आणि गुडघेदुखीच्या रुग्णांत वजन जास्त असण्याची शक्यता मोठी, त्यामुळे तिथेही तो वारंवार आढळतो. घोरण्याची थट्टा होते, दिवसा येणाऱ्या पेंगेला म्हातारपण म्हटले जाते आणि सकाळच्या डोकेदुखीवर वेगळी गोळी सुरू होते.

दुसरा चोर पायांत असतो. संध्याकाळ झाली की पिंढऱ्यांत किडे वळवळल्यासारखे वाटते आणि पाय हलवल्याखेरीज चैन पडत नाही. हा रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम आमवाताच्या रुग्णांत इतरांपेक्षा जास्त सापडतो. मूळ बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेत असते, आणि दीर्घ दाह व वेदनाशामक गोळ्यांनी पोटातून होणारा सूक्ष्म रक्तस्राव यांमुळे या रुग्णांत लोह कमी असणे नवलाचे नाही. ‘पाय ओढतात’ असे सांगणाऱ्या बाईला वेदनाशामक दिले तर लोह आणखी घटण्याचीच शक्यता. लोहाचा साठा दाखवणारे रक्तातले फेरिटिन एकदा तपासणे त्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचे.

आणि तिसरा चोर खुद्द औषधांच्या डब्यात असू शकतो. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने खिळलेल्या एका तरुण बाईला पुढे कॉर्टिझोन म्हणून प्रसिद्ध झालेले संप्रेरक टोचले आणि काही दिवसांत ती चालू लागली. दोनच वर्षांत हेंच आणि सहकाऱ्यांना नोबेल मिळाले. त्या औषधाने अंगात येणारा उल्हास आणि उडणारी झोपही तेव्हाच लक्षात आली होती. स्टेरॉइडची गोळी शक्यतो सकाळी न्याहारीनंतर घ्यायला सांगतात ती यासाठी. आपल्याकडे गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. ‘देशी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते हे अनेकदा उघड झाले आहे. पुडी घेतली की सांधे मोकळे होतात, भूक लागते, चेहरा भरतो आणि रात्री डोळा लागत नाही. रुग्ण डॉक्टरला पुडीबद्दल सांगत नाही, मग डॉक्टर झोपेची गोळी लिहून देतो.

झोपेच्या गोळीची वेगळी किंमत मोजावी लागते. स्टेरॉइडने हाडे आधीच पोकळ झालेली, गुडघा लटपटता आणि रात्री बाथरूमला जाताना डोळ्यांवर गोळीची झापड. खुब्याचे हाड मोडायला आणखी काय हवे? ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकांचे आणि झोपेच्या गोळ्यांचे एकत्र सेवन स्लीप ॲप्निया असलेल्याला तर धोक्याचेच. मेलाटोनिनला लोक निरुपद्रवी समजतात, कारण ते शरीरात बनतेच. पण ते प्रतिकारशक्तीला चेतवते, आणि आमवात हा प्रतिकारशक्ती उलटल्याचाच आजार आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आमवाताच्या रुग्णांना रोज १० मिलिग्रॅम मेलाटोनिन दिले, तेव्हा सांध्यांना फायदा झाला नाही, उलट रक्तातल्या दाहाच्या काही खुणा वाढल्या. संत्र्याच्या चवीच्या गोळ्या म्हणून ते मागवण्याआधी हे ठाऊक असलेले बरे.

घड्याळाचा उपयोग उपचारासाठीही करून पाहिला गेला आहे. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या डॉक्टरांनी २६ रुग्णांपैकी काहींना प्रेडनिसोलोनचा छोटा डोस पहाटे दोनला उठवून दिला आणि काहींना सकाळी साडेसातला. दोन वाजता घेणाऱ्यांचा सकाळचा ताठरपणा आणि इंटरल्यूकिन-६ दोन्ही चांगलेच उतरले. पण झोप सुधारण्यासाठी रोज रात्री दोनचा गजर लावा, असे सांगणार कोण? म्हणून पुढे रात्री दहाला गिळायची आणि चार तासांनी पोटात उलगडणारी गोळी तयार झाली. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या २८८ रुग्णांच्या चाचणीत १२ आठवड्यांनी या गोळीने सकाळचा ताठरपणा सरासरी सुमारे २३ टक्क्यांनी कमी केला, नेहमीच्या सकाळच्या गोळीने जवळजवळ काहीच नाही. साधी प्रेडनिसोलोन मनानेच रात्री घेऊन हा गुण येत नाही, फक्त झोप जाते. आमवातावरच्या नव्या जैविक औषधांनी, विशेषतः इंटरल्यूकिन-६ ला अडवणाऱ्यांनी, दाहाबरोबर झोपही सुधारल्याचे छोट्या अभ्यासांत दिसले आहे.

फायब्रोमायल्जियात झोपेवरच औषध मारून दुखणे कमी करण्याचा हट्ट औषध कंपन्यांनी बराच काळ धरला आहे. सोडियम ऑक्सिबेट गाढ झोप वाढवते म्हणून ते पुढे आले. चाचण्यांत गुणही दिसला. पण गैरवापराच्या भीतीने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये त्याला नकार दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र त्याच प्रशासनाने झोपताना जिभेखाली ठेवायच्या सायक्लोबेंझाप्रिनच्या गोळीला या आजारासाठी मान्यता दिली. रात्रीचा अमिट्रिप्टिलिनचा छोटा डोस हा जुना आणि स्वस्त उपाय आजही युरोपीय शिफारशींत टिकून आहे.

गोळीविना जो उपचार सर्वांत भक्कम ठरला आहे, तो ऐकायला उलटा वाटतो. निद्रानाशावरच्या वर्तनोपचारात, ज्याला सीबीटी-आय म्हणतात, अंथरुणातला वेळ वाढवायचा नसतो, कमी करायचा असतो. रुग्णाने आठवडाभर डायरी ठेवायची. आठ तास पडून साडेपाच तासच झोप लागते असे दिसले तर अंथरुणात सहाच तास राहायचे. झोप भरीव झाली की हळूहळू वेळ वाढवायचा. वीसेक मिनिटे झोप आली नाही तर उठून दुसरीकडे बसायचे. उठण्याची वेळ रोज एकच, रविवारीही. पलंगावर टीव्ही नाही, हिशेब नाही, भांडण नाही. २०१६ पासून अमेरिकेच्या फिजिशियन संघटनेने दीर्घ निद्रानाशावर औषधाआधी हाच उपचार सुचवला आहे. युरोपच्या संधिवात संघटनेनेही २०१८ च्या वेदना-उपचाराच्या शिफारशींत झोपेची दखल घेणे डॉक्टरच्या कामात घातले.

हा उपचार आखडलेल्या सांध्यांच्या माणसाला झेपतो का, हे वॉशिंग्टन राज्यात फोनवरून पाहिले गेले. ऑस्टिओआर्थ्रायटिस आणि निद्रानाश दोन्ही असलेल्या साठीपुढच्या ३२७ जणांपैकी अर्ध्यांना आठ आठवड्यांत वीस ते तीस मिनिटांचे सहा फोन आले, त्यांत वरची शिस्त शिकवली गेली. उरलेल्यांना तितकेच फोन आले, पण आजाराची सर्वसाधारण माहिती देणारे. वर्षभराने पहिल्या गटातल्या ५६ टक्क्यांचा निद्रानाश उरलेला नव्हता, दुसऱ्यात २६ टक्क्यांचा. २०२१ मध्ये हे निकाल आले. घराबाहेर न पडता, यंत्राविना, वर्षभर टिकणारा फायदा.

दुखणे मात्र तितके सरळ हटत नाही आणि इथे उत्साही लेखक नेहमी घाई करतात. याच राज्यातल्या ३६७ वृद्धांच्या २०१३ च्या चाचणीत झोप स्पष्ट सुधारली, पण गटागटांतल्या दुखण्यात फरक पडला नाही. नंतरच्या छाननीत एवढे दिसले की ज्यांची झोप पहिल्या दोन महिन्यांतच सुधारली, त्यांचे दुखणेही पुढे काही प्रमाणात उतरले. २०१५ च्या हॉपकिन्सच्या चाचणीत गुडघ्याच्या १०० रुग्णांपैकी ज्यांची मधली जाग कमी झाली त्यांचे दुखणेही कमी झाले, पण ज्यांना नकली उपचार दिला होता त्यांनाही बरे वाटलेच. तेव्हा झोप सुधारा, सांधे आपोआप सुधारतील, असे वचन देणे लबाडीचे होईल. झोप तिच्या स्वतःसाठी सुधारावी. दिवसभर दुखणारच असेल, तर ते पेंगुळलेल्या अंगाने सोसण्यापेक्षा जागत्या अंगाने सोसणे बरे, आणि हा फायदा लहान नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा आकार किती, याचा अंदाज भिगवणवरून करता येतो. पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंदापूर तालुक्यातल्या या गावात १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या आराखड्याप्रमाणे घरोघर जाऊन ४,०९२ प्रौढांची पाहणी केली. १८.२ टक्के लोकांना सांध्या-स्नायूंचे दुखणे होते. आमवात अर्धा टक्का, ऑस्टिओआर्थ्रायटिस ५.८ टक्के, बाकीच्यांत मोठा वाटा स्नायू-कंडरांच्या आणि नेमके नाव न देता येणाऱ्या अंगदुखीचा. ही बिननावाची अंगदुखी झोपेशी किती जोडलेली आहे हे मोल्डोफ्स्कींचा प्रयोग आठवला की कुतूहलाचे वाटते. २००६ मध्ये चिकुनगुन्याची साथ राज्यभर पसरली, तेव्हा ताप गेल्यावरही महिनोन्महिने सांधे धरलेल्या माणसांनी गावेच्या गावे भरली होती.

अशा घरांत परदेशी सल्ले जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ‘झोपेची वेगळी शांत खोली’ ही चाळीतल्या किंवा दोन खणी घरातल्या माणसाला चेष्टा वाटेल. जमिनीवर सतरंजी टाकून झोपणाऱ्या गुडघेदुखीच्या आजीला रात्री दोनदा उठायचे म्हणजे आधी कुशीवर, मग हातावर, मग भिंत धरून, असा सगळा व्यायाम. शौचालय अंगणापलीकडे असेल तर ती संध्याकाळपासून पाणीच पीत नाही, आणि वातरक्ताच्या माणसाला तर तेच नडते. तिला गोळीआधी बसण्याच्या उंचीची खाट आणि खाटेजवळ कमोडची खुर्ची हवी. आमवाताच्या बोटांची सर्वांत वाईट वेळ आणि घरातली सर्वांत घाईची वेळही एकच असते. डब्याच्या पोळ्या साडेसहाला लागतात म्हणून कित्येक जणी बोटे सुटावीत यासाठी पाचला उठून गरम पाण्यात हात धरून बसतात. नळाचे पाणी चारला येत असेल तर त्याहून आधी. त्या तासाभराच्या झोपेची भरपाई दुपारी दोन तास आडवे होऊन केली की रात्रीची झोप आणखी लांबते. कणीक आदल्या रात्री दुसऱ्या कोणी मळून ठेवणे, हा इथे उपचाराचाच भाग आहे.

उशीसुद्धा जपून घ्यावी. दुखऱ्या गुडघ्याखाली घेतलेल्या जाड उशीने रात्री सुख लागते, पण महिनोन्महिने तसे झोपले की गुडघा वाकलेलाच राहतो आणि पुढे सरळ होत नाही. कुशीवर झोपणाऱ्याने ती दोन गुडघ्यांच्या मध्ये घ्यावी. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसच्या तरुणाने डोक्याखाली पातळ उशी आणि घट्ट गादी घ्यावी, म्हणजे मान पुढे झुकून तशीच गोठणार नाही.

फोनवरच्या सहा संवादांचा प्रयोग आपल्याकडे करायला फार मोठी यंत्रणा उभारावी लागेल असे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत मानसिक आरोग्याचा सल्ला देते. त्या समुपदेशकांना झोपेची डायरी वाचायला आणि अंथरुणातले तास बसवायला शिकवणे शक्य आहे. अमेरिकेतल्या चाचणीतही ही शिस्त फोनवरच शिकवली गेली होती. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एका रुग्णाला जेमतेम काही मिनिटे मिळतात, तिथे डॉक्टरला तीनच गोष्टी विचारता आल्या तरी रस्ता फुटतो: जाग किती वाजता येते, उठून फिरल्यावर दुखणे उतरते की वाढते, आणि रात्री घोरताना श्वास अडकतो असे घरचे म्हणतात का. शेवटच्या प्रश्नासाठी रुग्णाबरोबर आलेल्या माणसालाही आत बोलवावे लागेल, कारण त्याचे उत्तर रुग्णाला माहीत नसते.